चिलखत कुणाच्या सोयीचं?

गेममध्ये ड्रॅगन चालतात, आगीचे गोळे चालतात, मग बाईच्या चिलखतालाच लॉजिक का लावायचं? हा युक्तिवाद मी कायम ऐकतो. उत्तर सोपं आहे. त्याच गेममध्ये पुरुषाच्या चिलखताला लॉजिक लावलेलं असतं. त्याचं पोट झाकलेलं, तिचं उघडं. समोरची तलवार मात्र दोघांना एकच.

छातीवर दोन उभार ठोकलेलं पोलादी चिलखत बघा. खऱ्या चिलखताचा छातीवरचा पत्रा बाहेर फुगवलेला असे, म्हणजे वार घसरून बाजूला जावा. दोन उभारांमधली खाच वार नेमका छातीच्या मधल्या हाडाकडे आणते. ही सजावट नुसती बिनकामाची नाही, घातक आहे.

फँटसीच्या जरा बाहेरचं, पण बोलकं उदाहरण 'मेटल गिअर सॉलिड ५'मधल्या (२०१५) क्वाएटचं. ती त्वचेतून श्वास घेते, म्हणून बिकिनी घालते. कारण कळलं की टीकाकारांना लाज वाटेल, असं हिदेओ कोजिमा गेम यायच्या आधीच म्हणाला होता. पण याच मालिकेच्या २००४च्या भागात 'द एंड' नावाचा म्हातारा स्नायपर आहे. तोही झाडासारखा उन्हावर जगतो, आणि अंगभर कपडे घालतो! मी सॉफ्टवेअर लिहितो. आधी कोड ठोकून मग त्याला शोभेलशी रिक्वायरमेंट लिहिणं मला लांबूनच ओळखू येतं.

'क्रेटोसही उघड्या छातीने फिरतो की!' फिरतो. पण त्याची छाती ताकद दाखवते. खेळणाऱ्या मुलाला क्रेटोस व्हायचं असतं. क्वाएट व्हायला कोण बसलंय? तिच्याकडे बघायचं असतं. माझी धाकटी बहीण अशा गेममध्ये पुरुष कॅरॅक्टरच घेते, कारण तिला खेळायचं असतं.

म्हणून सगळ्या बायकांना गोणपाट नेसवा, असं माझं म्हणणं नाही. 'एल्डन रिंग'मधली (२०२२) मलेनिया घ्या. लांब मोकळे लाल केस, पंखांचं शिरस्त्राण. प्रॅक्टिकल म्हणाल तर ते केस पहिल्याच झटापटीत शत्रूच्या मुठीत यावेत. तरी हे डिझाइन पटतं. सोनेरी कृत्रिम हात तिच्या आजाराची गोष्ट सांगतो. दुसऱ्या टप्प्यात चिलखत जातं, अंग उघडं पडतं, फुलपाखरांचे पंख फुटतात. पण ते अंग सडलेलं आहे. तिनं इतकी वर्षं थोपवलेलं काहीतरी तिथे बाहेर आलंय. ते बघून कुणी शिट्टी मारत नाही, हातातला कंट्रोलर घट्ट धरतो.

त्यामुळे कपडा किती, हे मोजण्यात मला रस नाही. तिनं हे का घातलं, एवढंच मी विचारतो. उत्तर तिच्या जगात सापडलं तर पिसं, पंख, झालरी सगळं चालेल. ते स्क्रीनच्या अलीकडे, सोफ्यावर बसलेलं सापडलं, तर कितीही शास्त्रीय कारण दिलं तरी तो पोशाख तिचा नाही.