पंधरा पेपरांत उपयोजित किती?

आज समीक्षेला घेतलेला मजकूर कुणी आवडीनं वाचत नाही: बी.एस्सी. गणिताचा अभ्यासक्रम. विद्यार्थी तो परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उघडतात, कुठल्या युनिटला किती मार्क तेवढं बघतात आणि मिटून ठेवतात. पण ज्याला उपयोजित गणित करायचंय, म्हणजे गणित घेऊन हवामान, वाहतूक, औषधं, विमा, यंत्रं यांच्यापाशी जायचंय, त्यानं तो पहिल्या वर्षीच नीट वाचायला हवा. कारण आपल्याकडे 'उपयोजित गणित' अशी स्वतंत्र पदवी फार थोड्या ठिकाणी मिळते. बहुतेकांना ती साध्या गणिताच्या पदवीतूनच घडवावी लागते, आणि हे घडवण्याचं काम विद्यार्थ्याच्याच गळ्यात येतं.

आधी हिशेब मांडू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक आहेत. त्यातले किमान ६० मुख्य विषयाचे आणि २४ दुय्यम विषयाचे, ज्याला सगळे मायनर म्हणतात. उरलेले भाषा, कौशल्य, मूल्यशिक्षण, इतर शाखांचे विषय आणि इंटर्नशिप यांत वाटले जातात. विद्यापीठागणिक आकडे थोडे वरखाली होतात, त्यामुळे तुमच्या कॉलेजचा तक्ता बघून घ्या. पण चार श्रेयांकांचा एक पेपर धरला तर मुख्य विषयाला मिळतात पंधरा पेपर. कॅल्क्युलस, रिअल ॲनालिसिस, लिनिअर अल्जिब्रा, ग्रुप आणि रिंग, अनेक चलांचं कॅल्क्युलस, डिफरन्शियल इक्वेशन्स, कॉम्प्लेक्स ॲनालिसिस हे सगळं धरलं की नऊ-दहा पेपर तिथंच संपतात. उरले पाच. आपलं सगळं उपयोजित गणित या पाचांत.

ऑगस्ट २०२५मध्ये आयोगानं गणिताच्या पदवीचा नवा मसुदा काढला, तेव्हा बरीच खळबळ झाली. नऊशेहून अधिक गणितज्ञांनी आणि संशोधकांनी तो मागे घ्या म्हणून सह्या केल्या. त्यांच्या आक्षेपांत एक असाही होता की उपयोजित गणिताची बाजू लंगडी राहिली आहे. मला तो आक्षेप पटतो. पण त्या सगळ्या वादात चर्चा झाली ती यादीची: काय घातलं, काय वगळलं. समजा उद्या यादी अगदी सुधारली, प्रोग्रॅमिंग आलं, संख्याशास्त्र आलं, न्यूमेरिकल मेथड्सला भरपूर तास मिळाले. तरी माझी तक्रार शिल्लक राहते. ती क्रमाबद्दल आहे. आपल्या अभ्यासक्रमात उपयोजन नेहमी शेवटी येतं आणि तेही वेगवेगळ्या डब्यांत बंद होऊन येतं.

हे एका उदाहरणावरून बघू. उदाहरण जुनंच आहे: लोखंडाची एक सळई, दोन्ही टोकं बर्फात ठेवलेली, मध्ये गरम. उष्णता कशी पसरत जाईल?

हीच सळई पदवीत चार वेळा भेटते. पार्शल डिफरन्शियल इक्वेशन्सच्या पेपरात तिचं उत्तर फूरिये मालिकेनं काढतात. न्यूमेरिकलच्या पेपरात तिचे तुकडे पाडून तक्ता भरतात. लिनिअर अल्जिब्रात तिची मॅट्रिक्स येते, कर्णावर दोन आणि दोन्ही बाजूंना वजा एक, पण तिथं 'ही सळई आहे' असं कुणी सांगत नाही, आयगेनव्हॅल्यू काढा म्हणतात. आणि प्रोबॅबिलिटीत ती नाणं उडवून डावी-उजवीकडे चालणाऱ्या माणसाच्या रूपात येते. चार पेपर, चार वह्या, बहुधा चार शिक्षक. ही एकच गोष्ट आहे हे विद्यार्थ्याला कळायला कधी कधी एम.एस्सी. उजाडते, आणि अनेकांना तर कधीच कळत नाही.

आता गंमत बघा, यातलं किती पहिल्या वर्षी करता येतं. सळईचे दहा भाग करा. प्रत्येक बिंदूवर पुढच्या क्षणाचं तापमान काढायचं. नियम असा: डावा शेजारी अधिक उजवा शेजारी, त्यातून स्वतःची दुप्पट वजा करा, येईल त्याला एका आकड्यानं गुणा आणि जुन्या तापमानात मिळवा. तो आकडा घेतलेल्या वेळेच्या पावलावर आणि तुकड्याच्या लांबीवर ठरतो. तो ०.५ निघाला तर नवं तापमान म्हणजे दोन शेजाऱ्यांची नुसती सरासरी. म्हणजेच नाणं उडवा, छाप पडला तर डावीकडे, काटा पडला तर उजवीकडे! प्रोबॅबिलिटीचा पेपर इथंच, पहिल्या पानावर, येऊन उभा राहिला.

मग आकडा ०.६ घ्या. स्वतःच्या जुन्या तापमानाचा वाटा येतो वजा ०.२. वजा शक्यता कशी असेल? काहीतरी बिनसणार हे इथंच दिसतं. तक्ता पुढे भरत गेलात तर तापमान एका बिंदूवर वर, शेजारच्या बिंदूवर खाली, असं करवतीच्या दात्यांसारखं होत जातं. दहा भागांच्या सळईत सगळ्यात दातेरी चूक प्रत्येक पावलाला सुमारे १.३४ पट होते आणि दर वेळी चिन्ह बदलते. वीस पावलांत ती साडेतीनशे पटींच्या वर जाते. बर्फात टोकं ठेवलेली सळई कागदावर पेटते म्हणा ना. आणि हे १.३४ कुठून आलं? त्या दोन आणि वजा एकच्या मॅट्रिक्सच्या सगळ्यात मोठ्या आयगेनव्हॅल्यूतून. आता लिनिअर अल्जिब्राच्या तासाला विद्यार्थी 'सर, याचा उपयोग काय' असं विचारणार नाही.

पुढे जाऊ. अचूकता हवी म्हणून दहाचे वीस भाग केले. तुकडा अर्धा झाला, पण तो आकडा ०.५च्या आत ठेवायचा तर वेळेचं पाऊल चौथाई करावं लागतं. बिंदू दुप्पट, पावलं चौपट, काम आठ पट. एवढं काम करणं परवडत नाही तेव्हा दुसरी पद्धत शोधावी लागते. क्रँक आणि निकल्सन यांची १९४७ची पद्धत पाठ्यपुस्तकात सूत्र म्हणून येते. ती कुठल्या अडचणीवरचा इलाज आहे हे आठपटीचा हिशेब स्वतः केलेल्यालाच उमगतं. बाकीच्यांना ते 'पाच मार्कांचं महत्त्वाचं सूत्र' असतं.

या सगळ्याला लागतं काय? बारावीचं गणित, एक स्प्रेडशीट आणि दोन दुपारी. सिद्धता नंतर येऊ देत. पण प्रश्न पहिल्या सत्रात हातात पडला तर पुढचे पेपर त्याच प्रश्नाला चिकटत जातात.

यावर ठरलेला आक्षेप असतो: आधी पाया पक्का होऊ दे, मग उपयोजन. हे म्हणणारे शिक्षक मनापासून म्हणतात, आणि त्यांच्यातले काही फार उत्तम शिकवतात, म्हणून हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. ॲनालिसिस न शिकता नुसते प्रोग्रॅम चालवणारा माणूस, उत्तर चुकलं तरी ते चुकलंय हे ओळखू शकत नाही. ते खरंच आहे. पण पाया आधी आणि इमारत नंतर हा क्रम गणिताच्या इतिहासात तरी असा नाही. फूरियेनं उष्णतेवरचा निबंध पॅरिसच्या अकादमीला १८०७मध्ये दिला, तेव्हा त्याच्या मालिका खरंच जुळतात का यावर लाग्रांजसारख्यांनी शंका घेतली. ग्रंथ आला १८२२मध्ये. मालिका कधी जुळतात याची पहिली काटेकोर सिद्धता डिरिक्लेनं दिली १८२९मध्ये. फंक्शन म्हणजे काय, इंटिग्रल म्हणजे काय, हे नव्यानं नीट बांधायची गरज बऱ्याच अंशी याच सळईमुळे पडली. रिअल ॲनालिसिसच्या पेपरात आपण ती सगळी बांधणी शिकवतो आणि सळई तेवढी काढून ठेवतो. मग विद्यार्थ्याला वाटतं की एप्सिलॉन-डेल्टा कुणीतरी त्रास द्यायलाच शोधून काढलंय.

शब्दावरून एक आठवलं. उपयोजित गणिताला पूर्वी 'मिश्र गणित' म्हणत. सत्येंद्रनाथ बोस यांची १९१५ची कोलकात्याची एम.एस्सी. मिश्र गणितातलीच. त्या नावात यंत्रशास्त्र, खगोल, प्रवाह हे सगळं गणितात कालवलेलं असायचं. 'उपयोजित' म्हटलं की आधी गणित तयार होतं आणि मग ते कशाला तरी लावतात असा भास होतो. जुनं नाव परत आणा असं मी म्हणत नाही, पण ते जास्त खरं होतं.

ऑपरेशन्स रिसर्चबद्दल थोडक्यात, कारण उपयोजित म्हणून बहुतेक कॉलेजांत हाच पेपर मिळतो. डँट्झिगची १९४७ची सिम्प्लेक्स पद्धत. विद्यार्थी दोन-तीन चलांचे तक्ते हातानं भरतात आणि भागाकारात चुकून मार्क घालवतात. अख्ख्या पेपरात अवघड आणि शिकण्यासारखी गोष्ट एकच: दिलेल्या गोंधळातून चल कोणते, बंधनं कोणती हे ठरवणं. एसटीच्या एखाद्या आगारात गाड्या, चालक, वाहक आणि त्यांच्या विश्रांतीचे तास यांची सांगड घालून बघा. समीकरणं लिहायलाच चार दिवस जातील, उत्तर संगणक क्षणात देईल. परीक्षेत मात्र समीकरणं तयार देतात आणि संगणकाचं काम विद्यार्थ्याकडून करून घेतात.

आता त्या आराखड्यातल्या ज्या तरतुदीवर माझा खरा राग आहे तिच्याकडे येतो. चौथ्या वर्षी बारा श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प आहे. मोकळा प्रश्न घ्या, त्याचं गणित बांधा, आकडे मिळवा, चुका, पुन्हा बांधा, हे करायची पदवीतली सर्वांत मोठी जागा हीच. ती कुणाला? पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्यांना. बाकीच्यांनी चौथं वर्ष केलं तरी त्याऐवजी पेपर घ्यायचे. म्हणजे तीन वर्षं सिद्धता लिहिण्याची आणि तक्ते भरण्याची परीक्षा घ्यायची, आणि तिच्यातल्या मार्कांवर ठरवायचं की गणित बांधून बघायची संधी कुणाला द्यायची. लेखी परीक्षेत ६२ टक्के मिळालेली पण आकड्यांत बोटं घालून बसायची सवय असलेली मुलगी इथं बाहेर राहते. आणि तिसऱ्या वर्षी पदवी घेऊन नोकरी शोधणाऱ्यांचा तर यात विचारच नाही. आपल्याकडे बहुसंख्य तेच असतात.

प्रवेशपरीक्षाही याच दिशेला ढकलतात. आयआयटींच्या 'जॅम'च्या गणिताच्या पेपरात न्यूमेरिकल मेथड्स नाहीत, प्रोबॅबिलिटी नाही. तेव्हा हुशार मुलं दुसऱ्या वर्षापासूनच हे विषय वैकल्पिक यादीतून काढून टाकतात. त्यांना दोष कसा द्यायचा? गमतीचा भाग असा की पुढे 'नेट'च्या गणिताच्या अभ्यासक्रमात न्यूमेरिकल आणि संख्याशास्त्र दोन्ही परत भेटतात, आणि तेव्हा गाईड घेऊन रट्टा मारावा लागतो.

अशा परिस्थितीत नियोजन करणाऱ्याच्या हातात खरं शस्त्र आहे ते मायनर. चोवीस श्रेयांक म्हणजे सहा पेपर. मुख्य विषयातल्या उपयोजित पेपरांपेक्षा जास्त! आणि हीच निवड बहुतेक वेळा 'मैत्रीण काय घेतेय' किंवा 'कुठल्या विषयाचं लेक्चर दुपारी नाही' यावर होते. संख्याशास्त्र घेतलंत तर सहा पेपरांत आकड्यांशी खरी ओळख होते. संगणकशास्त्र घेतलंत तर तक्ता हातानं भरायची वेळ येत नाही. भौतिकशास्त्र घेतलंत तर सळई पुन्हा भेटते, यावेळी खरी, थर्मामीटर लावलेली. अर्थशास्त्रही चालेल, पण ते गणितानं शिकवणारा विभाग असेल तरच. माझा कल संख्याशास्त्राकडे आहे, कारण प्रोग्रॅमिंग पुढे एकट्यानं शिकता येतं. नमुना कसा निवडायचा आणि आकड्यांवर कधी विश्वास ठेवायचा नाही, हे एकट्यानं शिकलेले लोक मी फारसे पाहिले नाहीत.

एक चिठ्ठी आली आहे, ती वाचतो. 'मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे. न्यूमेरिकल मेथड्स आणि ग्रुप थिअरीचा दुसरा पेपर यांतला एकच घेता येतो. जॅम द्यायचा विचार आहे. काय घ्यावं?'

ताई, जॅमचं नक्की असेल आणि आयआयटीतच जायचं असेल, तर त्या परीक्षेला ग्रुप थिअरी किती लागते ते आधी बघा. बहुतेक भाग पहिल्या पेपरातच झालेला असेल. तसं असेल तर न्यूमेरिकल घेऊ द्या. मात्र लिनिअर अल्जिब्रा त्याच्या आधी किंवा निदान सोबत झालेलं असावं, नाहीतर अर्धा पेपर पाठांतरात जाईल. आणि फॉर्म भरण्याआधी तिला त्या विभागात एकदा जाऊन यायला सांगा. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला तीस तास असतात. त्या तीस तासांत जर्नल उतरवून सही घेतात, की प्रोग्रॅम चालवून दाखवायला लावतात, एवढंच तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारून यायचं. जर्नलच उतरवत असतील, तर ग्रुप थिअरी घ्या आणि न्यूमेरिकल सुटीत घरी करा. सळईपासून सुरुवात करा, दहा भाग पाडून.