मुळांचे अर्धे वाक्य

‘झाडांची मुळे माती धरून ठेवतात, म्हणून उतारावर झाडे लावावीत.’ शालेय पुस्तकांत आणि वनमहोत्सवाच्या फलकांवर हे वाक्य इतक्यांदा येते की ते तपासावे असे कोणाला वाटत नाही. वाक्य खोटे नाही, पण अर्धेच आहे. आणि पनवेलसारख्या ठिकाणी ते दिशाभूल करते, असे आमचे मत आहे.

माथेरानच्या डोंगरांतून येणाऱ्या गाढी नदीवर देहरंग धरण आहे. उतारांवरून सुटलेली माती गाळ होऊन तेथे साचते, आणि पनवेलचा पाणीसाठा तेवढा घटतो.

धूप सुरू होते ती जमिनीच्या पृष्ठभागावर. थेंब आदळतो, मातीचे कण सुटतात, तेच कण बारीक छिद्रे बुजवतात. मग पाणी मुरायचे थांबते आणि वाहू लागते. यात मुळांचा संबंध नंतर येतो. आता साग पाहा. त्याच्या रुंद पानावर लहान थेंब एकत्र होतात आणि कडेवरून सुमारे ५ मिलिमीटर व्यासाचा थेंब टपकतो. अडीच मिलिमीटरच्या थेंबाच्या तुलनेत व्यास दुप्पट, पण वस्तुमान आठपट! (घनफळाचे सूत्र शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे.) पान आठ-दहा मीटर उंचीवर असेल, तर हा थेंब सेकंदाला जवळजवळ ९ मीटर वेगाने खाली येतो. खालची जमीन उघडी असली, तर छत्रामुळे धूप वाढूही शकते.

जंगलात खाली झुडपे, गवत, पाचोळा असतो. एकाच जातीच्या लागवडीत झुडपे काढली जातात, आणि उन्हाळ्यात वणवा पाचोळा नेतो. हिमालयातील चीड पाइनसारख्या सूचिपर्णी वनांतही सुयांचा थर असाच जळतो. जावा बेटावर ऑस्ट्रेलियन बाभळीच्या लागवडीत विएर्सुम यांनी केलेल्या आणि १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, झाडे तशीच ठेवून केवळ पाचोळा व खालची झुडपे काढली, तेव्हा धूप अनेक पटींनी वाढली.

असे असूनही वृक्षारोपणाच्या दिवशी आपण मुलांना रोपाभोवतालचे गवत लांबपर्यंत उपटायला लावतो, आणि शाळेच्या आवारातला पाचोळा गोळा करून पेटवतो.

येत्या पावसाळ्यात पांढऱ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून काठ्यांना बांधाव्यात. एक सागाखालच्या उघड्या जमिनीत, एक गवतात, एक पाचोळ्यात. जोराची सर थांबल्यावर मुलांनी जाऊन, चिखलाचे ठिपके किती उंचीपर्यंत उडाले ते पट्टीने मोजावे.