हातातला दिवा आणि चित्राखालचे नाव

व्यक्तिचित्रापुढे उभा राहिलेला रसिक नकळत दोन प्रश्न विचारीत असतो. ही व्यक्ती कोण, हा पहिला; आणि तिचे असणे चित्रकाराने कशातून प्रकट केले, हा दुसरा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील ब्रिटिश तैलचित्रकारांनी या दोहोंची उत्तरे आत्मविश्वासाने दिली. त्याच वळणाचे शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून मराठी चित्रकारांनी घेतले. त्या शिक्षणाचे आपल्या मातीत काय झाले हे पाहावयाचे, तर दोन स्त्रीचित्रे शेजारी ठेवून पाहणे उद्बोधक ठरेल.

पहिले चित्र ऑगस्टस जॉन याचे ‘मादाम सुजिया’. १९२० साली आरंभिलेले हे तैलचित्र १९२३ साली पुरे झाले व १९२५ पासून लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. गिलेर्मिना सुजिया ही पोर्तुगालची विख्यात चेलोवादक. लाल पोशाखाचा घोळ जमिनीवर पसरला आहे, मान उंचावून मुख बाजूस वळले आहे, आणि गज धरलेला हात दूरवर ताणलेला आहे. ती प्रेक्षकाकडे पाहत नाही. तिचे लक्ष आपल्या सुराकडे आहे. एरवी अशा चित्रांतील स्त्रिया वस्त्राभरणांच्या वैभवाने ओळखू येतात. ही आपल्या कामाने ओळखू येते. जॉनच्या चित्राचे खरे बळ त्या हातात आहे.

दुसरे चित्र सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे ‘ग्लो ऑफ होप’. हळदणकर १८८२ साली सावंतवाडीस जन्मले. जे. जे.मध्ये शिकून १९०८ साली त्यांनी मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली. १९४५-४६च्या सुमारास रंगविलेले हे चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील संग्रहालयात आहे. एका हातात दीप, दुसऱ्या हाताचा आडोसा; बोटांच्या फटींतून उजेड झिरपतो आणि तोच चेहऱ्यावर पसरतो. इथेही स्त्रीची ओळख तिच्या हातांनीच पटते. ज्योत विझू न देण्याचे साधे, घरगुती काम ती करते आहे.

अनेकांना हे तैलचित्र वाटते; वस्तुतः ते जलरंगातील आहे. हा भेद केवळ साधनाचा नव्हे. तैलरंगात उजेड वरून चढविता येतो, चुकला तर पुन्हा झाकता येतो. जॉनला तीन वर्षे चित्र घडवीत राहता आले. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे राखून ठेवलेला कोरा कागद. एकदा तेथे गडद रंग गेला की तो उजेड पूर्णपणे परत मिळत नाही. म्हणजे ती युवती ज्योतीला जपते, तसाच चित्रकार कागदाला जपतो. आशय आणि तंत्र यांचा असा मेळ विरळाच.

तथापि एका गोष्टीत जॉनचे चित्र सरस आहे, हे मान्य करावयास हवे. तेथे चित्राचे नाव हेच व्यक्तीचे नाव आहे. हळदणकरांच्या चित्रास ‘आशेचा उजेड’ असे भाववाचक शीर्षक लाभले आणि हाडामांसाची मुलगी प्रतीकामागे लपली. तिन्हीसांजेला दिवा घेऊन निघालेल्या मुलीत आशा दिसावयाची तर ती प्रेक्षकाला दिसतेच; शीर्षकाने ती सांगण्याचे प्रयोजन नव्हते. दिवा धरून उभी राहिली ती चित्रकाराची कन्या गीता. विवाहानंतरच्या गीता उपळेकर. शंभरी ओलांडून त्या २०१८ साली निवर्तल्या, तोवर हे चित्र असंख्य लोकांनी त्यांचे नाव न जाणता पाहिले होते. चित्रकाराचेही तेच झाले. १९०६ साली दिवंगत झालेल्या राजा रविवर्म्याच्या नावे हे चित्र आजही सर्रास खपविले जाते. प्रतीक मोठे झाले की माणसे पुसली जातात, याचे याहून बोलके उदाहरण कोणते?

आपल्या सीमाभागातील शिक्षकाला तर या चित्राशी जवळचे नाते सांगता येईल. बेळगावाहून आंबोलीचा घाट उतरला की हळदणकरांची सावंतवाडी. चित्र काढले गेले तेव्हा येळ्ळूर मुंबई प्रांतात होते आणि म्हैसूर हे परके संस्थान होते. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली. येळ्ळूर आणि ते चित्र एकाच राज्यात आले. राजहंसगडाच्या पायथ्याच्या या गावात मराठीच्या अस्तित्वाविषयी पुष्कळ बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु भाषेचे अस्तित्व आपल्या माणसांची नावे अचूक सांगण्यानेही टिकते. वर्गात हे चित्र दाखविताना त्याखाली दोन नावे लिहावीत: काढणाराची आणि दिवा धरणारीची. एवढे केले तरी ज्योतीभोवती आणखी एक आडोसा धरल्यासारखे होईल.