गावकूस आणि नियम अठ्ठावन्न

‘गावकुसाबाहेरचे जग’ हा शब्दप्रयोग आपल्या समीक्षेत आता गुळगुळीत झाला आहे. गावात कोणी कुठे राहायचे हे जातीने ठरविले होते. त्यासाठी नकाशा लागत नव्हता. शहराला गावकूस नसते, या आशेने आपले बापजादे मुंबईला आले. बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेने ही आशा तपासून पाहिली. कथा मुंबईची नाही, पण परक्या गावी नोकरी मिळाली तरी डोके टेकायला जागा हवी असेल तर जात लपवावी लागते, हे तिने उघडे केले. आपल्या समीक्षेने ते ओळखले. मात्र ती घरमालकाच्या उंबऱ्यावर थांबली. त्या घराखालच्या जमिनीचे भवितव्य कोण लिहितो, हे तिने विचारले नाही.

ते लिहिणारा एक ग्रंथ आहे. त्याचे नाव विकास नियंत्रण नियमावली. शहराचे निवासी, व्यापारी, औद्योगिक असे पट्टे पाडायचे आणि प्रत्येक पट्ट्यात काय बांधावे, किती बांधावे हे सांगायचे, हे तिचे काम. किती बांधावे याचे माप म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक. १९९१ च्या नियमावलीत मुंबई बेटासाठी तो सर्वसाधारणपणे १.३३ होता, म्हणजे शंभर मीटरच्या भूखंडावर एकशे तेहतीस मीटर बांधकाम. शहरी जमिनीची किंमत मातीत नसते. तिच्यावर काय आणि किती उभारण्याची मुभा आहे, यात ती असते. कारखान्याच्या जमिनीवर दुकाने, कचेऱ्या व सदनिका बांधण्याची परवानगी मिळाली की मालकाने घाम न गाळता ती जमीन सोन्याची होते. ही किंमत नियमाने, म्हणजे समाजाने निर्माण केलेली असते. मग तिच्यावर हक्क कोणाचा?

१९९१ च्या नियमावलीतील अठ्ठावन्नाव्या नियमाने या प्रश्नाला बऱ्यापैकी न्याय्य उत्तर दिले होते. बंद व आजारी गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे करायचे: एक महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. मुंबईत गिरण्यांची जमीन सुमारे सहाशे एकर होती. १८ जानेवारी १९८२ रोजी संपावर गेलेले सुमारे अडीच लाख कामगार आणि त्यांची कुटुंबे याच जमिनीभोवती जगत होती.

२००१ मध्ये हा नियम बदलला. बदल वरवर पाहता क्षुल्लक होता. वाटणी मोकळ्या जमिनीची व्हायची, हे कायम राहिले; पण मोकळी म्हणजे शेड पाडल्यावर मोकळी होणारी नव्हे, तर आधीपासूनच मोकळी असलेली. गिरणीच्या आवाराचा मोठा भाग शेडने व्यापलेला असतो, हे गिरणगावातले पोरही सांगेल. म्हणजे सार्वजनिक वाटा एका व्याख्येत आकसला. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा अर्थ नाकारला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालकांच्या बाजूचा अर्थ कायम केला. शब्दाचा अर्थ लावणे हे समीक्षेचे काम मानले जाते. इथे एका शब्दाच्या अर्थावर शेकडो एकर जमीन फिरली, आणि आपण समीक्षक गैरहजर होतो.

गिरणीच्या आतही एक गावकूस होते, हे विसरता येत नाही. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्यांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता, आणि जास्त पगार त्याच खात्यात होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला. आधी गिरणीच्या आत जागा नाकारली, मग गिरणी पाडल्यावर तिच्या जमिनीवर जागा नाकारली. पहिला नकार जातीच्या भाषेत होता, दुसरा चौरस मीटरच्या भाषेत. दुसऱ्या नकारात कोणाची जात लिहिलेली नाही, आणि त्यामुळेच त्याच्याशी भांडणे अवघड आहे. २०१२ मध्ये गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली तेव्हा घरे होती सात हजारांच्या आत, अर्ज होते दीड लाखाच्या घरात.

जयंत पवारांच्या ‘अधांतर’ने (१९९७) संपानंतरच्या गिरणगावातील एका घराची वाताहत रंगभूमीवर आणली. ते मोठे काम होते. पण घर का अधांतरी झाले याचा अर्धा जबाब रंगमंचाबाहेर, नगररचनेच्या कागदांत होता. तो वाचणे हे नाटककाराचे नव्हे, आपले काम होते.

कोणी म्हणेल, हा वकिलांचा आणि वास्तुशास्त्रज्ञांचा विषय आहे. पोथी वाचणे हा आपला विषय नाही, असेच आपल्याला शतकानुशतके सांगितले गेले. नियम हा मुळात शत्रू नाही. १९९१ चा नियम आपल्याही उपयोगाचा होता. तो बदलताना वाचणारे डोळे कमी पडले. कायद्याने विकास आराखड्यावर हरकती व सूचना मागवाव्याच लागतात. २०१५ मध्ये मुंबईच्या आराखड्याचा मसुदा लोकांच्या हरकतींमुळेच सरकारला दुरुस्तीसाठी परत घ्यावा लागला. तेव्हा पुढच्या अभ्यासवर्गात कवितासंग्रहाशेजारी आपल्या वॉर्डाचा नकाशाही टेबलावर ठेवावा, आणि आपली वस्ती त्यावर कोणत्या रंगाने दाखवली आहे, हे आधी पाहावे.