ठराव आणि पंगत

मंडळी, 'फुले-शाहू-आंबेडकरांचा महाराष्ट्र' अशी भाषणाला सुरुवात करायची आपल्याकडे रीत पडली आहे. आज मी ती पाळत नाही. त्या नावांवर राग नाही. पण प्रचाराच्या दिवसांत आपल्या नागपुरात ती नावं इतक्या तोंडून ऐकू येतात की बोलणारा ती कशी पाळतो, हे विचारायचं राहूनच जातं.

मोजायला माप लागतं, आणि ते याच शहरात मिळालेलं आहे. २० जुलै १९४२. नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली, अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे. कोणत्याही समाजाची प्रगती मी त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, अशा अर्थाचं बाबासाहेब तिथं बोलले. ते बोलणं आज बॅनरवर असतं. परिषदेचे ठराव मात्र कोणी वाचत नाही. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, गिरण्या, विडी कारखाने नि नगरपालिकेत राबणाऱ्या बायांना रजा आणि पेन्शन, मुलींसाठी वसतिगृहं. आणि प्रातिनिधिक संस्थांमध्ये बायांसाठी राखीव जागा. एकोणीसशे बेचाळीसात, बरं का!

आता साडेचार वर्षं मागे या. डिसेंबर १९३७, नागपूरच, आणि तीही महिलांचीच परिषद: अखिल भारतीय महिला परिषद. शिकलेल्या, सुधारक घरांतल्या बाया. त्या परिषदेत जेवणाच्या वेळी जाईबाई चौधरींना अस्पृश्य म्हणून अपमान सोसावा लागला. कोण या जाईबाई? हमालीची ओझी वाहता वाहता शिकलेल्या, आणि १९२२ साली चोखामेळ्याच्या नावानं मुलींची शाळा काढणाऱ्या. १ जानेवारी १९३८ ला निषेधाची सभा झाली. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकात हे आलं आहे. नसेल वाचलं तर वाचाच.

त्या सुधारक बाया ढोंगी होत्या, असं म्हणून आपण सुटतो. मला ते पटत नाही. ठराव त्यांनी मनापासून मांडले असतील. पंगतीला बसायची वेळ आली तेव्हा मात्र ठरावातलं कोणाला आठवलं नाही. सभेतला विचार घरच्या रीतीपर्यंत पोचलाच नव्हता.

आपलं स्थानिक राजकारण आज तिथंच अडकलंय. ७४ वी घटनादुरुस्ती झाली, एक तृतीयांश जागा आल्या. २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या. बेचाळीसच्या बायांनी जे मागितलं, ते कागदावर मिळालं. मग प्रभागात 'नगरसेवक कोण?' असं विचारलं की लोक नवऱ्याचं नाव का सांगतात? आरक्षण पडलं की 'वहिनींना उभं करा' हे ठरवतं कोण? वहिनींना कधी विचारतं कोणी? आणि हे फक्त प्रतिगामी पक्षांत होतं असं मानू नका. निळ्या झेंड्याखाली, तिरंगी पट्ट्यांखाली, सगळीकडे होतं. आपल्या पुरोगामी मंडळांतसुद्धा प्रास्ताविक आणि आभार बाईकडे, अध्यक्षपद आपल्याकडे. या व्याख्यानमालेतही मागच्या रांगेत बसून मी ते मोजलंय. आयोजकांनी रागावू नये.

एक अनुभव सांगून थांबतो. मागं एका प्रभागातल्या नगरसेविकेकडे गेलो होतो, आमच्या गल्लीतल्या नालीसाठी. बाईंना सगळं ठाऊक होतं. पाइप किती जुना, फाइल कोणत्या टेबलावर अडली, पावसाआधी काय होऊ शकतं, काय नाही. दहा मिनिटं त्या बोलत होत्या. तेवढ्यात त्यांचे यजमान आले. मी उठलो, नमस्कार केला, आणि ती नाली पहिल्यापासून पुन्हा सांगितली. त्यांना.

बाई चहा ठेवायला आत गेल्या.