आचारी, आचार्य आणि संगणकाचे कोलेशन

‘आचार्यास बोलवा’ आणि ‘आचाऱ्यास बोलवा’ यांतला फरक शिक्षकांना सांगायला नको. पहिल्याने गुरुजी येतात, दुसऱ्याने स्वयंपाकी. संगणकाला मात्र तो दर वेळी कळतोच असे नाही. दोष फाँटचा नव्हे. तो आहे डेटाबेसच्या ‘कोलेशन’मध्ये, म्हणजे अक्षरांचा क्रम कोणता आणि कोणती अक्षरे एकच मानायची, हे ठरवणाऱ्या नियमांत.

‘ऱ्य’मधला अर्धा र यूनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर व हलन्त. दुसरा, साधा र, हलन्त व पुढे ‘झीरो विड्थ जॉइनर’ हे न दिसणारे जोडचिन्ह. ही दुसरी रीत १९९६ सालच्या दुसऱ्या आवृत्तीशी जमवून घेण्यासाठी राखलेली. छापल्यावर दोन्ही हुबेहूब सारखी.

बायनरी कोलेशन नुसते संकेतांक जुळवते. त्यामुळे एका रीतीने नोंदवलेला गोऱ्हे आडनावाचा विद्यार्थी दुसऱ्या रीतीने शोधला तर सापडत नाही. यादीत नाव डोळ्यांना दिसते आणि संगणक ‘नाही’ म्हणतो! बरे, यूनिकोडच्या नियमांवर बेतलेले कोलेशन घ्यावे, तर ते जोडचिन्ह कोणत्याच पातळीवर मोजत नाही. मग दुसऱ्या रीतीने लिहिलेला ‘आचाऱ्यास’ थेट ‘आचार्यास’शी जुळतो. मायएसक्यूएलच्या ८.० आवृत्तीपासून (२०१८) आपण काही न निवडल्यास मिळणारे कोलेशन याच जातीचे आहे. रकान्यावर ‘युनिक’चे बंधन असेल तर दोहोंपैकी दुसरा शब्द ‘आधीच आहे’ म्हणून नाकारला जातो.

जोडचिन्ह वगळण्यामागचा विचार मुळात वावगा नव्हता. ‘क्ष’ जोडून दाखवा की अर्धा क आणि ष असा सुटा, शब्द तोच. तेथे प्रश्न निव्वळ वळणाचा. र आणि हलन्ताच्या पुढे मात्र तेच चिन्ह अर्थ बदलते. दोन्हीकडे एकच नियम लावला, हा आमचा आक्षेप. (ळ ला ह नंतर न ठेवता ल शेजारी बसवले, ही आणखी एक तक्रार; पण त्याने क्रम बिघडतो, माणूस हरवत नाही.)

यूनिकोडचे नॉर्मलायझेशनही येथे कामास येत नाही, कारण त्याच्या लेखी ही दोन रूपे समतुल्य नाहीत. तेव्हा नोंद घेतानाच र, हलन्त, जोडचिन्ह या तिकडीच्या जागी ऱ व हलन्त घालावे, शोधासाठी टंकलेल्या शब्दालाही तेच करावे, आणि कोलेशन चिन्हांचे भेद पाळणारे निवडावे. जुन्या नोंदीही एकदा याच चाळणीतून काढाव्या लागतील.