जात चोरणे आणि नाव चोरणे

बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा मी प्रथम वाचली ती मीरा रोडच्या एका कंपनीत, रात्री अडीच वाजता, जेवणाच्या सुट्टीत. कानावरचा हेडफोन काढून डब्याशेजारी ठेवला होता. त्या रात्री माझे नाव केविन होते. ते मला कंपनीने दिले होते. कथा संपली तेव्हा सुट्टीही संपली होती. मी पुन्हा खुर्चीत जाऊन बसलो आणि अमेरिकेतल्या कुणा म्हाताऱ्याला त्याचे इंटरनेट का चालत नाही ते समजावून सांगू लागलो. पण डोक्यात एकच प्रश्न घुमत होता. या कथेतला नायक जात चोरतो. मग मी काय चोरले आहे? की माझेच काही चोरले गेले आहे? हा लेख त्या प्रश्नातून निघाला आहे.

मराठी साहित्यात कामाचे जग आणले ते कामगारांच्या आणि दलितांच्या लेखणीने. त्याआधी पांढरपेशा साहित्यात माणसे प्रेम करीत, झुरत, फिरायला जात; ती पोट कशावर भरतात हे कळत नसे. नारायण सुर्व्यांच्या ‘माझे विद्यापीठ’मध्ये (१९६६) गिरणी आली. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) गावकीची कामे आली आणि शहरातली नोकरीही आली. मात्र आमची समीक्षा गिरणीच्या दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. गिरण्या बंद पडल्या. आमची पोरे काचेच्या इमारतींत शिरली. त्या काचेच्या आत काय आहे, हे विचारायला समीक्षक आत गेलाच नाही.

गिरणीत जात कशी होती, हे आपण जाणतो. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातला तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याची थुंकी लागलेला धागा स्पृश्य कामगाराला चालत नसे. पगार मात्र विणकामात अधिक होता. १९२८च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हाच प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला. १९३८मध्ये मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांसमोर बोलताना त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. लाल बावट्याला त्यातला एकच शत्रू दिसत होता, म्हणून हे दोनदा सांगावे लागले.

तंत्रज्ञानाच्या कंपनीत धागा नाही, थुंकीही नाही. संगणकाचे बटण कुणीही दाबले तरी विटाळत नाही. म्हणून जाणकार आम्हाला सांगतात की येथे जात संपली, येथे फक्त गुणवत्ता आहे. हे मी प्रामाणिकपणे मान्य करायला तयार होतो. मीरा-भाईंदरच्या वस्तीतल्या पोराला इंग्रजी बोलता येते एवढ्यावर खुर्ची मिळते, वातानुकूलित खोली मिळते, रात्री घरी सोडायला गाडी मिळते. माझे वडील भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या मशीनवर होते. संध्याकाळी त्यांचे दात तेवढे पांढरे दिसत. त्यांच्या पोराचा शर्ट महिन्याच्या शेवटीही पांढराच राहिला, हे काही कमी नव्हे. हे नाकारणारा माणूस आपल्या बापाचा चेहरा विसरलेला असला पाहिजे.

परंतु मुलाखतीत मला विचारले गेले ते संगणकाविषयी नव्हे. ‘वडील काय करतात? मूळ गाव कोणते? घरी कोण कोण शिकलेले आहे?’ सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी २००७मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मोठ्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांशी बोलून हेच दाखवले आहे: जात विचारत नाहीत, ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ विचारतात. त्याच वर्षी सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावाचा. उच्चवर्णीय नावाशी तुलना करता दलित नावाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश एवढीच निघाली. अर्जात विटाळण्यासारखे काय होते? आडनाव. आजचा धागा आडनावाचा आहे.

आता केविनकडे येतो. चेतन भगत यांची कॉल सेंटरवरची इंग्रजी कादंबरी २००५मध्ये आली आणि आमच्या पिढीतल्या पोरांनी ती लोकलमध्ये उभ्याने वाचली. तिच्यात श्याम मेहराचा सॅम मार्सी होतो. या नावबदलाने त्याला कंटाळा येतो, क्वचित अपमान वाटतो. वाचकाला गंमत वाटते. ही कादंबरी लोकप्रिय का झाली, हा येथे प्रश्न नाही. मेहराला सॅम होताना काय गमवावे लागते, हा प्रश्न आहे. काम संपले की तो पुन्हा मेहरा होतो आणि मेहरा या नावाने त्याला जगात कुठेही अडत नाही. त्याला खोटे नाव हा अंगरखा आहे. मला ते छप्पर होते. खरे सांगतो, केविन झाल्यावर मला सुटल्यासारखे वाटले. आठ तास कुणी माझे आडनाव उच्चारत नव्हते. अमेरिकेतला म्हातारा माझ्यावर रागावत असे, पण तो माझ्या जातीवर रागावत नव्हता. हे सुख कादंबरीकाराला माहीत नाही, म्हणून त्याला या नावबदलाचे दुःखही दिसले नाही.

बागुलांना ते १९६३मध्येच दिसले होते. त्यांचा नायक रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत जातो. नोकरी मिळाल्याचा त्याचा आनंद अफाट आहे. तो जात सांगत नाही, आणि लोक त्याला मान देऊ लागतात. पण हा मान त्याला खाऊ लागतो. प्रत्येक आपुलकी उद्याच्या मारहाणीची आगाऊ रक्कम आहे, हे त्याला ठाऊक आहे. शेवटी बिंग फुटते आणि मार पडतो. तेथे काशिनाथ सकपाळ नावाचा दुसरा दलित कामगार आहे. त्याने जात चोरलेली नाही. तो उघड वावरतो, उघड भांडतो, आणि मार खाणाऱ्या नायकाला तोच वाचवतो. प्रस्थापित समीक्षेने या कथेत आक्रोश पाहिला. मला वाटते, ही कथा आक्रोशाची नसून हिशेबाची आहे. जात लपवून मिळालेला मान कुणाच्या खाती जमा होतो? त्या न जन्मलेल्या, खोट्या माणसाच्या. मार मात्र खऱ्या माणसाच्या खाती पडतो.

केविनचेही तसेच. महिन्याचा उत्तम कामगार म्हणून भिंतीवर नाव लागले ते केविनचे. आणि रात्रीच्या जेवणात शेजारच्या टेबलावरून ‘पूरा नाम क्या है यार?’ असा प्रश्न आला तेव्हा घास अडकला तो माझ्या घशात. मी फक्त पहिले नाव सांगितले. आमच्या मजल्यावरचे संडास साफ करणारा कंत्राटी कामगार तेव्हा पाण्याची बाटली भरत होता. त्याने माझ्याकडे पाहिले. त्याला कळले होते. मी नजर फिरवली. कथेत काशिनाथ होता. आमच्या मजल्यावर काशिनाथच्या हातात फडके होते, आणि मी त्याला ओळख दिली नाही.

याहून कठीण प्रश्न ऑक्टोबर २०१६मध्ये आला. ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर रात्री छापे घातले. सातशेहून अधिक तरुण-तरुणींना ताब्यात घेतले. सुमारे सत्तर जणांना अटक झाली, बहुतेकांना नोटीस देऊन सोडले. अमेरिकन कर खात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून तिथल्या माणसांना अटकेची भीती घालायची आणि पैसे उकळायचे, हा तो धंदा. काय बोलायचे ते कागदावर लिहून दिलेले असे. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने अशाच फसवणुकीबद्दल ६१ व्यक्ती आणि संस्थांवर आरोप जाहीर केले.

माझी कंपनी त्यातली नव्हती. पण वस्तीतल्या एका पोराला नोटीस आली. त्याची आई माझ्याकडे आली. ‘दादा, तूबी तसलंच काम करतोस ना? मग माझ्या पोरानं काय चोरलं, सांग की मला.’ मला उत्तर देता आले नाही. आमचे पोर गरीब आहे, बेकार आहे, म्हणून त्याला माफ करा, असे मी म्हणणार नाही. ज्या भीतीने आपल्या आज्या-पणज्या वाकल्या, तीच भीती आवाजात भरून दूरच्या एखाद्या म्हातारीची पुंजी लुटणे, ही बाबासाहेबांच्या लेकरांची वाट नव्हे. बागुलांच्या नायकाने जात चोरली ती माणूस म्हणून उभे राहण्यासाठी. या पोरांना अधिकाऱ्याचे नाव चोरायला लावले गेले ते दुसऱ्या माणसाला वाकवण्यासाठी. दोन्ही चोऱ्यांना एकाच तराजूत घालता येणार नाही. परंतु ज्या कागदावरचे शब्द तो वाचत होता तो कागद त्याने लिहिला नव्हता, हेही विसरता येणार नाही. आवाज भाड्याने देणारा कामगार त्या आवाजाने केलेल्या पापाचा किती धनी, हा प्रश्न मराठी कादंबरीने विचारायला हवा होता. आमच्या मराठीने तो वर्तमानपत्राच्या रकान्यावर सोपवला.

कुणी म्हणेल, हे कॉल सेंटरचे. मोठ्या कंपन्यांत, परदेशात असे नाही. २०२०मध्ये कॅलिफोर्नियाच्या नागरी हक्क विभागाने सिस्को कंपनीवर दावा लावला: एका दलित अभियंत्याला त्याच्याच देशातल्या उच्चवर्णीय वरिष्ठांनी जातीवरून डावलले, असा आरोप. कंपनीने तो नाकारला. २०२३मध्ये दोन वरिष्ठांवरचा दावा मागे घेतला गेला, कंपनीवरचा राहिला. त्याच वर्षी सिॲटल शहराने जातिभेदाला कायद्याने बंदी केली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले तसेच विधेयक मात्र राज्यपालांनी परत पाठवले. म्हणजे धागा समुद्रापार गेला. आपल्याकडे खासगी क्षेत्राला आरक्षण अजून लागू नाही.

माझ्या लेखक मित्रांना म्हणून सांगणे आहे. गावकुसाबाहेरचे लिहिले, झोपडपट्टीचे लिहिले, ते लिहिलेच पाहिजे होते. आता मीरा रोडच्या शेवटच्या लोकलने कामाला जाणाऱ्या आणि पहाटे परतणाऱ्या पोरीचे लिहा. भिंतीवरच्या केविनचे लिहा. पण त्याला केविनच्याच नजरेने पाहू नका. बाटली भरणाऱ्या त्या माणसाच्या नजरेने पाहा. तसे पाहिले तरच ते दलित साहित्य होईल, नाहीतर ती फक्त दलिताने लिहिलेली पांढरपेशी कथा होईल.

ती नोकरी मी पुढे सोडली. सोडण्याच्या आधीच्या आठवड्यात त्या सफाई कामगाराजवळ गेलो आणि माझे पूर्ण नाव सांगितले. तो म्हणाला, ‘ठाऊक होतं. तुम्ही कवा सांगता, ते बघत होतो.’